अत्यावश्यक फुटबॉल

माझ्या आयुष्यात मला एकदाच कुणी 'अत्यावश्यक' म्हटलं आहे, आणि तेही सरकारनं. घरात हा शब्द माझ्या बाबतीत अजून वापरला गेलेला नाही. २०२० च्या मार्चमध्ये देश बंद झाला तेव्हा दूध, औषधं, भाजीपाला आणि बँक एवढं चालू राहील असं जाहीर झालं. समाजाला कोथिंबिरीच्या जुडीइतकीच आपलीही गरज आहे हे ऐकून माझा ऊर भरून आला. सौभाग्यवती म्हणाल्या, "येताना कोथिंबीर मात्र आणा."

शाखेत गेलो तर काउंटरवर प्लॅस्टिकचा पडदा. पडद्याअलीकडे मी, पलीकडे खातेदार, आणि खालच्या फटीतून नोटांची ये-जा. बोटाला थुंकी लावून नोटा मोजायची वीस वर्षांची सवय एका रात्रीत मोडायची होती. एप्रिलमध्ये जनधन खात्यांत महिलांसाठी पाचशे रुपये जमा झाले. गर्दी नको म्हणून वेळापत्रक आलं : ज्यांच्या खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य किंवा एक, त्यांनी ३ एप्रिलला यावं; दोन किंवा तीन, त्यांनी ४ तारखेला. वेळापत्रक उत्तम होतं. ३ तारखेला शून्यापासून नऊपर्यंतचे सगळे आकडे फाटकाशी हजर होते. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की अमुक काम अत्यावश्यक आहे, हे ठरवणारा माणूस ते बहुधा घरी बसून ठरवतो.

हे सगळं आठवायचं कारण अमेरिकन फुटबॉल. दचकू नका, सांगतो.

माझा भाचा तेव्हा अमेरिकेत ओहायो राज्यात एम.एस. करत होता. सप्टेंबरात त्याचा फोन आला. "मामा, वर्ग ऑनलाइनच आहेत. खोलीतून बाहेर पडत नाही. पण एक चांगली बातमी आहे, आमचा फुटबॉल सुरू होतोय!"

मला वाटलं, संध्याकाळी पाच वाजता चार पोरं चेंडू लाथाडतील, त्यात फोन करण्यासारखं काय? मग त्यानं मला तासभर समजावलं. एक तर या फुटबॉलला पाय फारसा लागत नाही. चेंडू लांबट, हातात घेऊन पळायचं, आणि बाकीच्यांनी पळणाऱ्याच्या अंगावर पडायचं. सहा फुटांचं अंतर ठेवा म्हणून जग ओरडत असताना सहा सहा फुटांचे गडी एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडणार. दुसरं म्हणजे 'कॉलेजचा' या शब्दावर जाऊ नये. आपल्याकडे कॉलेजच्या सामन्याला दोन प्राध्यापक, शिपाई आणि एखादं कुत्रं असतं. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजार माणसं बसतात. अलाबामाच्या प्रशिक्षकाचा, निक सेबन यांचा, वार्षिक पगार तेव्हा नव्वद लाख डॉलरांच्या वर होता. आणि खेळणाऱ्या मुलाला? फी, राहणं, जेवण आणि वरखर्चापुरती थोडी रक्कम. पगार नाही, कारण तो विद्यार्थी, हौशी खेळाडू.

मी कॉमर्सचा पदवीधर. ज्या धंद्यात मॅनेजरला नव्वद लाख आणि माल तयार करणाऱ्याला जेवणखाण, त्या धंद्याचा ताळेबंद मला एकदा पाहावासा वाटतो.

ताळेबंद असा. ८ जुलै २०२० ला हार्वर्ड, येल वगैरे आठ जुन्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगनं सांगितलं, यंदा शरद ऋतूत खेळ बंद. तिथं फुटबॉलवर फारसं पोट नाही, त्यामुळे निर्णय लवकर सुचला. ११ ऑगस्टला 'बिग टेन' नावाच्या संघटनेनंही खेळ पुढे ढकलला. (नाव बिग टेन, विद्यापीठं तेव्हा चौदा. आकडेमोडीबद्दलचा माझा संशय इथूनच सुरू झाला.) खेळाडूंच्या हृदयावर या आजाराचा काय परिणाम होतो याची डॉक्टरांना धास्ती होती. मत अकरा विरुद्ध तीन. पण दक्षिणेकडच्या विद्यापीठांनी, म्हणजे एसईसीनं, आम्ही २६ सप्टेंबरला खेळणारच असं धरून ठेवलं. शेजारच्या घरात लग्नाचा मांडव पडला की आपल्या घरात काय होतं ते सांगायला नको. १६ सप्टेंबरला त्याच चौदा विद्यापीठांनी एकमतानं ठरवलं की ऑक्टोबरात खेळायचं. मधल्या पाच आठवड्यांत विषाणू सज्जन झाला नव्हता. झटपट चाचणी आली होती हे खरं, ते नाकारत नाही. खेळाडूंची रोज चाचणी होणार होती. पण वर्गात बसू इच्छिणाऱ्या माझ्या भाच्याची रोज चाचणी करावी असं कुणाला सुचलं नाही.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं तर १० ऑगस्टला वर्ग सुरू केले आणि आठवड्याभरात लागण वाढली म्हणून पदवीचे वर्ग ऑनलाइन केले. फुटबॉलचा संघ मात्र खेळला. म्हणजे इतिहासाचं पुस्तक उघडायला धोका, आणि दुसऱ्याच्या छातीवर डोकं आपटायला नाही. मग हा विद्यार्थी नेमका केव्हा असतो? पगार मागितला की विद्यार्थी, आणि विद्यार्थी घरी गेले की कामगार. आमच्या बँकेत एक गृहस्थ होते, ते रजेच्या दिवशी आजारी आणि आजारपणाच्या दिवशी रजेवर असत. पण त्यांनाही दोन्ही एकदम जमलं नव्हतं.

शिवाय सही! ओहायो स्टेटनं जूनमध्येच मुलांकडून एक प्रतिज्ञापत्र भरून घेतलं होतं : धोका आहे हे मला ठाऊक आहे, मी काळजी घेईन. लोकांकडून न वाचता सह्या घेण्यात माझी हयात गेली आहे, त्यामुळे या कागदाची जात मी लांबूनही ओळखतो. ऑगस्टमध्ये वरच्या मंडळाला, एनसीएएला, सांगावं लागलं की कायदेशीर हक्क सोडल्याची सही सक्तीनं घेऊ नका.

आता दुसरी बाजू. मुलांनाच खेळायचं होतं. क्लेमसनचा ट्रेव्हर लॉरेन्स हा त्या वेळचा सर्वांत गाजलेला खेळाडू. त्याचं म्हणणं, घरी पाठवलंत तर कित्येक मुलं जास्त धोक्यात येतील, इथं निदान डॉक्टर तरी आहे. हे मला पटतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजचा वीस वर्षांचा खेळाडू त्याच सप्टेंबरात कोविडनंतर रक्ताची गुठळी होऊन गेला. त्याच्या कॉलेजनं त्या वर्षी फुटबॉल बंद ठेवला होता. माझ्या युक्तिवादाला हे सोयीचं नाही, पण सोयीची व्हाउचरंच जोडायची तर ती हिशेबतपासणी कसली? फुटबॉलच्या पैशावर तिथं पोहणं, कुस्ती, तलवारबाजी हे गरीब खेळ जगतात हेही खरं. स्टॅनफर्डनं जुलैमध्ये अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं. वर्षभरानं निर्णय फिरवला तो भाग वेगळा.

पण "आम्हाला खेळायचंय" असं मुलांनी जे पत्रक काढलं, त्यात शेवटी आणखी एक मागणी होती : खेळाडूंची संघटना हवी. पहिलं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. पुढारी, प्रशिक्षक, टीव्हीवाले म्हणाले, बघा, मुलांचीच इच्छा आहे! शेवटचं वाक्य पोचेपर्यंत फोन कट झाला असावा. मी युनियनचा माणूस आहे, असे कट झालेले फोन मी पुष्कळ पाहिलेत.

खेळ झाला तो मात्र बघण्यासारखा. लुइझियाना स्टेटच्या प्रशिक्षकांनी सप्टेंबरातच सांगून टाकलं की आमच्या बहुतेक मुलांना होऊन गेला, जणू गोवर. शंभराहून अधिक सामने रद्द झाले नाहीतर पुढे गेले. लॉरेन्स पॉझिटिव्ह निघून नोत्र दामविरुद्धच्या सामन्याला मुकला. ७ नोव्हेंबरला नोत्र दाम जिंकलं आणि मर्यादित म्हणून आत सोडलेले प्रेक्षक अमर्याद होऊन मैदानात उतरले. त्याच सुमाराला अमेरिकेत रोजचे रुग्ण लाखावर गेले होते. ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचा सामना १९१८ पासून एकदाही चुकला नव्हता. १९१८ म्हणजे इन्फ्लुएन्झाचं वर्ष. साथीत सुरू झालेला नेम साथीतच मोडला. त्यामुळे ओहायोचे पाचच सामने झाले आणि संघटनेच्या अंतिम सामन्यासाठी नियम किमान सहांचा. नियम बदलला! आमच्याकडे किमान शिल्लक शंभर रुपयांनी कमी पडली तर पेन्शनर आजोबांनासुद्धा दंड लागायचा.

सगळ्यात मजा व्हँडरबिल्टची. त्यांचे किक मारणारे गडी विलगीकरणात, म्हणून त्यांनी सारा फुलर या मुलीला बोलावलं. ती खऱ्या, पायानं खेळायच्या फुटबॉलमधली गोलरक्षक. २८ नोव्हेंबरला तिनं किक मारली आणि मोठ्या पाच संघटनांच्या सामन्यात खेळलेली ती पहिली स्त्री ठरली. व्हँडरबिल्ट ४१-० असं हरलं, पण त्या हंगामात मला मनापासून आवडलेली गोष्ट ती एकच.

तर खेळायला हवं होतं का? त्याच्या खालच्या पायरीवरच्या कॉलेजांनी आपली अजिंक्यपद स्पर्धा वसंतात ढकलली, मे २०२१ मध्ये संपवली, आणि आकाश कोसळलं नाही. आपल्याकडेही त्या वर्षी माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही. थांबता येतं. आणि थांबायचं नसेल तर अत्यावश्यक माणसाला निदान पगार द्या. मी प्लॅस्टिकमागे बसलो तो पगारावर, रजा-नियम, युनियन आणि पेन्शन यांच्यासकट. त्या मुलांचं ते वर्ष तर खेळण्याच्या मुदतीतही धरलं नाही. सवलत होती म्हणे, वर्षभर जास्त खेळा! सर्व्हिस बुकात नोंद नसलेली नोकरी मी प्रथमच पाहिली.

११ जानेवारी २०२१ ला अलाबामानं ओहायोला ५२-२४ असं हरवलं. भाचा दोन दिवस बोलला नाही. वर्ग ऑनलाइनच होते.

त्यानंतर गंमत झाली. जून २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एनसीएएविरुद्ध एकमतानं निकाल दिला, आणि जून २०२५ मध्ये मोठी तडजोड मंजूर झाली : विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतील, आणि २०१६ पासून खेळलेल्यांना सुमारे २८० कोटी डॉलरची मागची भरपाई, दहा वर्षांत. भाच्यानं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी खुर्चीत उठून बसलो. ही भाषा मला कळते! आमचा अकरावा द्विपक्षीय करार ११ नोव्हेंबर २०२० ला झाला आणि लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून.

"म्हणजे एरिअर्स!" मी ओरडलो.

"हो मामा, तसंच."

"टीडीएस कापून की न कापता?"