अभिमन्यूने नेमके काय ऐकले?

राहुरी तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या मुलीने मला विचारले, "सर, अभिमन्यूची गोष्ट आता विज्ञानानेही खरी ठरवली आहे ना?" तिच्या गरोदर बहिणीसाठी घरात गर्भसंस्काराचे पुस्तक आणले होते. या प्रश्नाचे उत्तर अर्धे 'हो' आणि अर्धे 'नाही' असे आहे. अशा पुस्तकांतली गफलत कळण्यासाठी ही दोन्ही अर्धी वेगळी करून पाहायला हवीत.

आधी 'हो'. गर्भाला सर्वांत आधी स्पर्श कळतो. साधारण आठव्या आठवड्यात ओठांभोवती स्पर्श झाला, तर गर्भ हालचाल करतो. ऐकणे बरेच उशिरा, पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. बाहेरचे आवाज पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून दबून पोचतात. आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनच येतो. अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी 1980 साली दाखवले, की नवजात बाळे आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. 1986 च्या प्रयोगात गरोदर स्त्रियांनी शेवटचे सहा आठवडे रोज एक गोष्ट मोठ्याने वाचली. जन्मल्यावर बाळांनी दुसऱ्या गोष्टीपेक्षा तीच पसंत केली.

आता 'नाही'. बाळांनी ओळखली ती लय आणि आवाजाचे चढउतार, अर्थ नव्हे. ही ओळखही कायमची नसते. बेलफास्टच्या हेपर यांना असे आढळले, की गर्भात ऐकलेली दूरदर्शन मालिकेची धून जन्मानंतर पुन्हा ऐकवली नाही, तर तीन आठवड्यांची बाळे तिला प्रतिसाद देत नाहीत. संगीताने बुद्धी वाढते याला आधार म्हणून जो प्रयोग सांगतात, तो 1993 चा. त्यात 36 महाविद्यालयीन विद्यार्थी होते, गर्भ एकही नव्हता. आणि परिणाम टिकला जेमतेम पंधरा मिनिटे!

गर्भसंस्काराची पुस्तके आईच्या आहाराकडे, विश्रांतीकडे आणि मनःस्वास्थ्याकडे लक्ष वेधतात, हे चांगलेच आहे. पण 'गर्भ ऐकतो' या सिद्ध गोष्टीला 'म्हणून तो बुद्धिमान आणि सुशील होतो' हे असिद्ध विधान जोडले जाते. ही साखळी कधीकधी पुत्रप्राप्तीपर्यंत जाते. 'आयुर्वेदीय गर्भसंस्कार' या पुस्तकातील अशा मजकुरावरून 2016 साली आपल्याच जिल्ह्यात, संगमनेरच्या न्यायालयात, तक्रार दाखल झाली. त्यातला कायद्याचा भाग बाजूला ठेवू. विज्ञानाचे म्हणणे एवढेच, की मुलगा की मुलगी हे फलनाच्या क्षणी पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते.

"पण अशा घरांतली मुले हुशार असतात," असे सांगतात. पुस्तक विकत घेणाऱ्या घरात सकस आहार, दवाखाना आणि शिक्षणही असते. मग श्रेय कशाला द्यायचे? तशाच घरांतल्या, पण मंत्र न ऐकलेल्या मुलांशी तुलना केल्याशिवाय हे कसे ठरणार?

यातून होणारे नुकसान आईच्या वाट्याला येते. द्रोणपर्वात अभिमन्यू म्हणतो, की व्यूहात शिरायला मला वडिलांनी शिकवले. आपल्याकडे रूढ झालेल्या कथेत मात्र सुभद्रेला डुलकी लागते आणि ठपका तिच्यावर येतो. आजही मूल अभ्यासात मागे पडले, तर तोच ठपका आईवर यायला वेळ लागत नाही.

पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणारी गरोदर बाई डोक्यावर मोळी वाहते. तिचेही बाळ तिचा आवाज ऐकते, ओळखते. तिला उणीव असते ती लोहाची, विश्रांतीची, वेळेवर तपासणीची. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत, म्हणजे ऐकू येण्याच्या कितीतरी आधी, मिटते. त्यासाठी लागणारे फॉलिक आम्ल अन्नातून आणि गोळीतून मिळते, मंत्रातून नाही.

शिक्षकांनी वर्गात एकच प्रश्न टाकून पाहावा: गर्भसंस्काराचा परिणाम तपासायचा, तर प्रयोग कसा मांडाल? कोणाची तुलना कोणाशी कराल? मुलांना मांडू द्या. त्या नववीच्या मुलीलाही मी हाच प्रश्न देऊन आलो आहे.