एका सुगंधाचा जीर्णोद्धार

जुन्या देवालयाचा जीर्णोद्धार दोन प्रकारे होतो. ढासळलेली भिंत तशाच दगडाने सांधून जुनी वास्तू उभी ठेवणे हा एक प्रकार. जुने सारे उतरवून त्या जागी नवे देऊळ बांधणे व देवाचे नाव तेवढे पुढे चालविणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात भाविकांची सोय होते, हे कोणी नाकारणार नाही. परंतु जुने देऊळ पाहावयास आलेल्या माणसाची फसगत होते. ‘फूझेर रॉयाल’ या प्रख्यात फ्रेंच सुगंधाचे जे पुनरुज्जीवन २०१० साली झाले ते यांपैकी कोणत्या जातीचे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पॅरिस येथील ऊबिगाँ ही पेढी १७७५ सालची. तिच्यासाठी पॉल पार्के या सुगंधकाराने १८८२ मध्ये ‘फूझेर रॉयाल’ रचले. फूझेर म्हणजे नेचा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटांतून हिंडलेल्या वाचकांस नेच्याचे पान डोळ्यांसमोर आणण्यास सांगावयास नकोच. पण त्याचा वास आठवून पाहावा असे म्हटले तर ते बुचकळ्यात पडतील. नेच्याला सांगण्यासारखा गंध नाही. गुलाबाचे अत्तर गुलाबाशी ताडून पाहता येते, तसे हे कशाशी ताडावयाचे? पार्केने निसर्गाची नक्कल केली नाही. निसर्गाने ज्याला गंध दिला नाही त्याचा गंध त्याने कल्पिला, आणि येथेच हा धंदा कलेच्या उंबरठ्यावर आला, असे माझे मत आहे.

हे त्याला साधले ते एका रासायनिक द्रव्याच्या बळावर. वयाच्या अठराव्या वर्षी, १८५६ मध्ये, जांभळा रंग प्रयोगशाळेत तयार करून कीर्ती मिळविलेल्या विल्यम पर्किनने १८६८ साली कूमारिनही कृत्रिम रीतीने सिद्ध केले. दक्षिण अमेरिकेतील टोंका नावाच्या बियांत हे द्रव्य निसर्गतः असते. कापलेले गवत उन्हात वाळू लागले म्हणजे जो गोडसर, किंचित कडवट वास सुटतो तो बहुतांशी कूमारिनचा. पार्केने त्याच्या वर लव्हेंडर व बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचे तेल ठेवले, मध्ये जिरेनियम, आणि तळाशी ओक वृक्षाच्या सालीवर वाढणारे एक दगडफूल. त्याला इंग्रजीत शेवाळ म्हणतात. पण ते शेवाळ नव्हे, आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाच्याच कुळातले आहे. मसाल्याचा डबा उघडताच लवंग-दालचिनीच्या मागून जो एक काळोखा, मातकट वास येतो, त्यावरून या द्रव्याची कल्पना आपल्याकडील गृहिणीस पॅरिसच्या रसिकाहून लवकर येईल.

पुढे विसाव्या शतकात या सुगंधाची विक्री बंद पडली. आज तो हुंगावयाचा तर व्हर्सायला जावे लागते. १९९० मध्ये झाँ केर्लेओ या सुगंधकाराच्या पुढाकाराने तेथे ‘ओस्मोथेक’ हा गंधांचा संग्रह स्थापन झाला. तळघरात बारा अंश उष्णतामानात, अंधारात, बाटलीतील मोकळ्या जागी आर्गॉन वायू भरून सुगंध जतन केलेले असतात. तेथील ‘फूझेर रॉयाल’ ही काही १८८२ सालची बाटली नव्हे. जुन्या पाठावरून द्रव्ये पुन्हा तोलून केलेली ती रचना आहे. म्हणजे तीही एका अर्थी नवीच. परंतु दोहोंतला भेद भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आणि महाभारतावरून रचलेले नवे काव्य यांतल्या भेदासारखा आहे. संपादकाला पाठ कडू वाटला तरी तो कडूच ठेवावा लागतो.

आणि तो पाठ कडू आहे, यात संशय नाही. कागदाच्या पट्टीवर तो मी हुंगला तेव्हा पहिल्या क्षणी लव्हेंडरचा स्वच्छ, धुतल्या कपड्यासारखा वास आला व आता पुढे सारे गोड होणार असे वाटले. तसे झाले नाही. लव्हेंडर ओसरले तशी ओल्या दगडाची, शाईची, वाळत्या गवताची एक करडी छाया वर आली आणि तीच टिकली. फूल म्हणून बोट दाखवावे असे त्यात काही उरत नाही. कूमारिनचा गोडवा आहे, पण दगडफुलाचा कडवटपणा त्याला मोकळे सोडीत नाही. दोघांची ही ओढाताण अखेरपर्यंत मिटत नाही. ऐटबाज, अबोल, थोडासा तुसडा असा हा गंध आहे. प्रथम भेटीत तो मला आवडला असे म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा हुंगावीशी वाटली, हे मात्र खरे.

२०१० ची रचना रोद्रिगो फ्लोरेस-रू या मूळच्या मेक्सिकोच्या सुगंधकाराची. ती वाईट आहे असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. आरंभीचे लव्हेंडर उत्तम प्रतीचे आहे, सांधे कोठे दिसत नाहीत, आणि बाजारात पुरुषांसाठी म्हणून जो माल येतो त्याच्या पंक्तीस तिला बसविणे अन्यायाचे होईल. परंतु मध्यावर येताच तीत फुलांचा ताटवा उमलतो. गुलाब आणि लवंगेच्या अंगाने जाणारे कार्नेशन ही दोन तर ठळकच आहेत. तळाशी पाचेचा उबदारपणा व राळेचा गोडवा येऊन सारे मऊ करून टाकतो. जेथे जुन्यात ओढाताण होती तेथे येथे समेट आहे. पार्केचा नेचा रानातला, हा कुंडीतला.

यावर एक बचाव हमखास केला जातो, आणि तो पोकळ नाही. ओकवरील दगडफुलात अॅट्रॅनॉल व क्लोरोअॅट्रॅनॉल ही द्रव्ये असतात. त्यांनी काहींच्या त्वचेस कायमची अॅलर्जी जडते. म्हणून धंद्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या दगडफुलाच्या वापरावर फार पूर्वीच कडक मर्यादा घातली. पुढे २०१७ मध्ये युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत ही दोन्ही द्रव्ये निषिद्ध ठरविली. बर्गमॉटच्या तेलातूनही, उन्हात त्वचा भाजविणारा अंश काढून टाकावा लागतो. जुन्या सुगंधांचे काही भक्त या नियमांची टवाळी करतात; ती मला पटत नाही. कोणाच्या मानेवर चट्टे उठवून कलेचे रक्षण करावयाचे नसते. परंतु दगडफूल का घटले, एवढेच नियमाने सांगता येते. गुलाब का वाढला, हे त्याने सांगता येत नाही. तळातून कडवटपणा काढावा लागला तर त्या जागी दुसरा कडवटपणा शोधता आला असता, निदान ती जागा रिकामी ठेवता आली असती. तेथे गोडवा भरला तो कोणत्याही कायद्याच्या सक्तीने नव्हे, गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून. सुगंधकाराची ही निवड होती. टीकाकाराने तिला निवड म्हणूनच तोलले पाहिजे.

मग नाव तेच का? याचे उत्तर कलेत नसून कायद्यात आहे. १३ जून २००६ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सुगंधाला बुद्धिनिर्मित कृती मानून लेखकासारखे हक्क देण्यास नकार दिला; आणि अवघ्या तीन दिवसांनी हॉलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने, सुगंधालाही असे हक्क असू शकतात, असा निकाल दिला. ज्या देशात हा व्यवसाय नावारूपाला आला त्याच देशाने तो कारागिरीत जमा करावा, हे चमत्कारिक खरेच. फलित असे की तेथे नाव ही मालमत्ता ठरते व वास हा बेवारस. कादंबरीचे शीर्षक ठेवून आतील प्रकरणे बदलणाऱ्या प्रकाशकाविरुद्ध ओरड होईल. येथे मात्र शीर्षक ज्याच्या ताब्यात, तोच ग्रंथाचा धनी.

फ्लोरेस-रू यांच्या बाजूची एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. ‘फूझेर’ हे पुढे एका सबंध घराण्याचे नाव झाले. सात वर्षांनी, १८८९ मध्ये, एमे गेर्लँ यांनी कूमारिन व लव्हेंडर घेऊनच ‘झिकी’ रचले. नंतर हीच जोडी दाढीच्या साबणात व केस कापण्याच्या दुकानांत जाऊन बसली. त्यामुळे पार्केचे मूळ काम आज प्रथमच हुंगणाऱ्या पुष्कळांना ते शिळे वाटते. नातवंडांची ओळख आधी झाल्यामुळे आजोबाच त्यांच्यावरून बेतलेले वाटू लागतात. असा गंध जसाच्या तसा दुकानात मांडला तर तो खपणार नाही, ही भीती खोटी नसावी. परंतु नव्या रचनेत फुलांच्या खाली जो थोडा दगडफुलाचा अंश शिल्लक आहे, तो तीन-चार तासांनी, गोडवा विरळ झाल्यावर, काही काळ ऐकू येतो. तेवढा वेळ ती आपले नाव सार्थ करते. ज्याला व्हर्साय गाठणे शक्य नाही त्याने बाटली उघडल्याबरोबर मत न बनविता त्या घटकेपर्यंत थांबावे.