चौकटीतला प्रवासी

प्रवासातील छायाचित्रांत माणसाला बहुधा दोनच कामे नेमून दिलेली असतात : वास्तूची भव्यता कळावी म्हणून तिच्याशेजारी उभे राहणे, किंवा प्रदेशाची ओळख पटावी म्हणून पेहरावासह उपस्थित असणे. दोन्ही प्रकारांत माणूस आणि परिसर सुटे राहतात; एक काढून घेतला तरी दुसऱ्याचे फारसे बिघडत नाही. रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांची छायाचित्रे हे सुटेपण नाकारतात. म्हणूनच त्यांचा विचार रंगसंगतीच्या कौतुकापाशी थांबवता येत नाही.

मुंगेर येथील १९६७चे छायाचित्र पाहावे. भर पावसात चार स्त्रिया एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. येथे पाऊस ही पार्श्वभूमी नाही. भिजलेली वस्त्रे आणि चौघींचा मिळून झालेला एकच आकार यांतून तो आपल्याला कळतो. परिसर जणू देहावरच उमटला आहे. हावडा येथील १९९१च्या छायाचित्रात पदपथावरचे आरशांचे दुकान आहे. आरशांत रस्त्याचे तुकडे उतरल्यामुळे कोण समोर आणि कोण पाठीमागे, हे चटकन ठरवता येत नाही. मुंगेरमध्ये एकवटलेली नजर येथे विखुरते.

मात्र मुंगेरच्या चित्राबाबत एक प्रश्न उरतोच. त्या चौघी भिजत असताना पाहणारा कोठे उभा आहे? तो चित्राबाहेर आहे. त्यामुळे त्यांच्या भिजण्याचे सौंदर्य होते, आणि ते कोणासाठी, हे अनुच्चारित राहते. या प्रश्नाला सामोरे जाणारी छायाचित्रे ‘अ वे इन्टू इंडिया’ या २००२ साली, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आढळतात. अँबॅसेडर मोटारीची दारे, काचा आणि आरसे यांतून येथे देश दिसतो. पाहणाऱ्याची जागा प्रथमच दृश्याचा घटक होते.

हा निव्वळ रचनेचा खेळ आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो पूर्णतः मान्य करता येत नाही. उत्पादन २०१४ साली थांबेपर्यंत ही मोटार सरकारी अधिकाऱ्यांचे वाहन होती, तशीच टॅक्सीही होती. तिच्या दाराला सामाजिक अर्थ आहे : आत कोण बसतो आणि बाहेर कोण उभा राहतो, हा भेद ते दार दाखवते. अर्थात भेद दाखवल्याने तो मिटत नाही. काच खाली केली तरी मोटार पुढे निघून जाते आणि रस्त्यावरचा माणूस तेथेच राहतो. सिंह यांची छायाचित्रे ही मर्यादा ओलांडत नाहीत. परंतु ती लपवतही नाहीत.

मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेलाही या निकषाचा उपयोग व्हावा. वर्णनाची चित्रमयता आपण पुष्कळ वाखाणली. निवेदक कोणत्या वाहनातून पाहतो, कोठे उतरतो, त्याचे सामान कोण उचलते, हे प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारले. वर्णनातील माणसे त्या प्रदेशात राहतात की केवळ त्याची शोभा वाढवतात, याचा निर्णय या प्रश्नांना टाळून करता येणार नाही.