आयरिश पूर्वजांचा शोध : कागद, कथा आणि मधली पोकळी

पूर्वजांचा शोध घेणाऱ्या लेखनाला आपण सहसा साहित्याच्या पंगतीत बसवीत नाही. नावे, सनावळ्या, गावे आणि वंशवृक्ष एवढाच त्याचा व्याप मानला जातो. आमचे मत याहून थोडे निराळे आहे. जुन्या कागदांवरून दिवंगत माणूस उभा करणे हे मुळात वाचनाचे काम आहे. आणि वाचन आले की ते कितपत प्रामाणिक आहे, हे तपासणारी समीक्षाही आली. या दृष्टीने आयर्लंड सोडून गेलेल्यांच्या शोधाचे वाङ्मय विशेष उद्बोधक आहे. त्यातील दोन ग्रंथ आणि एक गाजलेले प्रकरण यांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १९११ मध्ये ती ४४ लाखांच्या आसपास उरली. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे जो महादुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि दहा लाखांहून अधिक देशाबाहेर गेली. दुष्काळ सरल्यावरही हा ओघ थांबला नाही. त्यात तरुण अविवाहित स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, ही युरोपातील इतर देशांच्या मानाने वेगळी गोष्ट होय. एवढी माणसे गेली, आणि मागाहून त्यांचे कागदही गेले. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभीच, डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ संकुलातील सार्वजनिक दप्तरखाना आगीत भस्मसात झाला. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक तक्ते, मृत्युपत्रे आणि प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या त्या दिवशी नष्ट झाल्या. १८६१ व १८७१ च्या जनगणनांचे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते. १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. त्यामुळे आयरिश शोधकाला संपूर्ण देशाची पहिली शाबूत जनगणना मिळते ती १९०१ ची. ज्याचा पणजोबा १८४७ साली जहाजात बसला, त्याच्या हाती तिचा काय उपयोग?

उरले ते काय, हे पाहिले म्हणजे या वाङ्मयाची मुख्य अडचण ध्यानात येते. १८२३ ते १८३७ या काळातील दशांश-कराच्या वह्या उरल्या, कारण त्यांत कर कोणी द्यावयाचा हे लिहिले होते. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेली जमीन-घरांची मूल्यांकन-पत्रके उरली. त्यांत कब्जेदाराचे नाव आहे, कारण आकारणी त्याच्यावर व्हावयाची होती. त्याच्या बायकोचे, मुलांचे, त्याच्या आश्रयाला राहिलेल्या भावाचे नाव तेथे नाही. स्त्री दिसते ती बहुधा विधवा झाल्यावर, म्हणजे करदाती झाल्यावर. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मे आणि विवाह सापडतात, पण त्या परगण्यापरगण्यांत निरनिराळ्या साली सुरू होतात. तात्पर्य असे, की प्रत्येक कागद हा कोणीतरी, कोणत्यातरी प्रयोजनाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असतो. वंशजाचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. हे अंतर विसरले की शोधाची कादंबरी होते.

याचे एक लक्षणीय उदाहरण न्यूयॉर्कच्या ‘एमिग्रंट सेव्हिंग्ज बँके’चे आहे. ही बँक १८५० साली आयरिश स्थलांतरितांच्या पैशाच्या सुरक्षिततेसाठी उघडली. खातेदारांत निरक्षर पुष्कळ. तेव्हा दुसऱ्याच कोणी येऊन पैसे काढू नयेत म्हणून खाते उघडताना जन्मगाव, कोणत्या जहाजाने आला, आईबापांची नावे, भावंडे कोठे आहेत, असे तपशील विचारून वहीत लिहून ठेवीत. आयर्लंडमधील दप्तरे जळाली. अविश्वासापोटी लिहिलेल्या या वह्या मात्र टिकल्या, आणि कित्येक कुटुंबांना आपल्या मूळ गावाचे नाव त्यांतूनच कळले. आईचे माहेरचे नाव ही येथे पैसे काढण्याची खूण होती. वंशजाला तोच वारसा वाटतो. दोन्ही अर्थ एकदम मनात धरणे, हे या क्षेत्रातील चांगल्या वाचकाचे पहिले लक्षण होय.

सरकारी कागदांहून कठीण वाचन घरच्या पत्रांचे. येथे आपण पहिल्या ग्रंथाकडे वळतो. कर्बी मिलर या अमेरिकन इतिहासकाराचा ‘एमिग्रंट्स अँड एक्झाइल्स’ हा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. घराघरांतील माळे, पेट्या आणि संग्रह धुंडाळून मिलर यांनी हजारो पत्रे जमविली आणि त्यांतून एक व्यापक सिद्धान्त मांडला. आयरिश कॅथलिक माणूस स्वतःला सुखासाठी परदेशी गेलेला प्रवासी मानीत नव्हता, तर बळजबरीने हाकलला गेलेला निर्वासित मानीत होता, असे त्यांचे म्हणणे. या जाणिवेची मुळे त्यांनी आयरिश भाषेतही शोधली आहेत. देशांतर करणाऱ्यासाठी वापरला जाणारा ‘द्योरी’ हा आयरिश शब्द हद्दपारीचाच अर्थ वाहतो. मराठी वाचकाला हे समजणे जड जाऊ नये. ‘स्थलांतर’ हा आपला शब्द कोरडा आणि पुस्तकी; ‘परागंदा होणे’, ‘देशोधडीला लागणे’ हे बोलीतले शब्द मात्र जाणाऱ्याला आधीच दुर्दैवी ठरवून टाकतात.

मिलर यांचा सिद्धान्त पुढे फार लोकप्रिय झाला, आणि लोकप्रियतेत त्याची धार बोथट झाली असे आम्हांस वाटते. वंशजांच्या लेखनात तो ‘इंग्रजांनी आमच्या पूर्वजांना घालवून दिले’ एवढाच उरतो. मूळ ग्रंथ याहून पुष्कळ कठोर आहे. दुष्काळानंतर शेतीची वाटणी थांबली, जमीन एकाच मुलाकडे जाऊ लागली आणि बाकीच्या मुलामुलींना जहाजाचे तिकीट हाच वाटा उरला. तो निर्णय पुष्कळदा घरातच, बापाने घेतलेला असे. ‘हद्दपारी’ची भाषा घरातल्या या निष्ठुरतेवर पांघरूण घालीत होती, असे मिलर सांगतात. आपल्याच कुटुंबाकडे बोट दाखविणारा हा भाग वंशज सोयीस्करपणे गाळतात; त्याचा दोष ग्रंथावर नाही.

ग्रंथाचा खरा दुबळेपणा दुसरीकडे आहे. आयरिश भाषेतील स्थलांतरितांची पत्रे अत्यंत विरळ आहेत, कारण ज्यांना लिहिता येई त्यांना ते इंग्रजीतून येई. ज्या भाषेच्या शब्दांतून मिलर मनोवृत्ती काढतात, त्या भाषेत पत्रे नाहीत. आणि जी पत्रे आहेत ती परक्या भाषेत, कधी परक्या हातानेही, लिहिलेली आहेत. मातृभाषेत शोक करणारा माणूस इंग्रजीत खुशाली कळवितो, तेव्हा त्याचे खरे मन कोणते? हजारो पत्रांतून निवडक ओळी उचलून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मिलर ओळी उचलतात. पत्र पूर्णपणे क्वचितच वाचू देतात.

ही उणीव दुसऱ्या ग्रंथाने नेमकी हेरली. डेव्हिड फिट्झपॅट्रिक हे मूळचे मेलबर्नचे, पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक झाले. २०१९ साली त्यांचे निधन झाले. आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधील पत्रव्यवहारावरील त्यांचा ‘ओशन्स ऑफ कन्सोलेशन’ हा ग्रंथ १९९४ साली निघाला. त्यात केवळ १११ पत्रे आहेत. पण ती संपूर्ण, मूळच्या अशुद्ध लेखनासह, चौदा मालिकांत छापलेली आहेत. प्रत्येक मालिकेआधी त्या कुटुंबाची हकिकत चर्चच्या नोंदी, मूल्यांकन-पत्रके आणि जहाजांच्या याद्या यांवरून उभी केली आहे. कागद कागदाशी ताडून पाहिल्यावर पत्र लिहिणाऱ्याने काय सांगितले, याबरोबरच काय सांगितले नाही, हेही दिसू लागते.

फिट्झपॅट्रिक यांचे मोठे कार्य असे, की त्यांनी पत्रातील ठरीव वाक्यांना मान दिला. प्रकृती ठीक असल्याचे कळवून तुमचीही तशीच असो अशी इच्छा करणारा आरंभ जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. घाईचा वाचक तो वगळतो. आपल्याकडील जुन्या पत्रांत ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे’ असे येते तेव्हा आपणही पुढे सरकतो. परंतु ज्या पत्राला पोचण्यास महिनोगणती लागत, आणि जे घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मोठ्याने वाचले जाई, त्यात तेच शब्द पुन्हा लिहिणे म्हणजे नाते अजून मोडलेले नाही याची ग्वाही देणे होते. ‘घर’ हा शब्दही फिट्झपॅट्रिक असाच बारकाईने तपासतात. तो कधी आयर्लंडला, कधी ऑस्ट्रेलियातील नव्या चुलीला लागू होतो. अशा माणसाला निर्वासित म्हणावे की वसाहतकार, याचा एका शब्दात निकाल देता येत नाही, हे त्यांच्या ग्रंथाचे मर्म आहे.

या ग्रंथाला मर्यादा आहेत. चौदा कुटुंबे म्हणजे राष्ट्र नव्हे. आणि ऑस्ट्रेलियाला जाणारा, लांबच्या प्रवासाची तयारी करून निघालेला माणूस दुष्काळात अमेरिकेच्या जहाजात कोंबल्या गेलेल्याहून वेगळा. व्यापक चित्रासाठी मिलर यांच्याकडे जावेच लागते. पण वंशजाने पेटीत सापडलेले पत्र कसे वाचावे, याचा वस्तुपाठ हवा असेल तर आम्ही फिट्झपॅट्रिक यांचेच नाव घेऊ.

कथा आणि कागद यांची गाठ चुकली तर काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ॲनी मूर हिचे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावरचे स्थलांतर-केंद्र उघडले, तेव्हा नोंद झालेली ही पहिली व्यक्ती. ती कॉर्क परगण्यातली, ‘नेवाडा’ या जहाजाने दोन धाकट्या भावांसह आलेली. स्वागतादाखल तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे मिळाले. त्या दिवशी ती पंधरा वर्षांची झाली अशी कथा रूढ झाली. वास्तविक ती सतरा वर्षांची होती आणि जहाजाच्या यादीत तर तेराच लिहिले होते. पुढे ती टेक्सासला गेली आणि १९२३ साली तेथे ट्रामखाली सापडून वारली, असेही अनेक वर्षे सांगितले गेले. टेक्सासमधील कुटुंब हे मनापासून मानीत होते. २००६ साली वंशशोधक मेगन स्मोलेनयाक यांनी दाखवून दिले, की टेक्सासची ॲनी मूर अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात जन्मलेली दुसरीच बाई होती. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कधी गेलीच नाही. गरिबांच्या वस्तीत तिने संसार केला, तिची कितीतरी मुले लहानपणीच गेली, आणि १९२४ साली पन्नाशीत ती वारली. क्वीन्समधील दफनभूमीत तिच्या थडग्यावर दगडदेखील नव्हता. तो २००८ साली बसविण्यात आला.

या दोन ॲनींपैकी देशाने कोणती निवडली होती, हे पाहण्यासारखे आहे. पश्चिमेकडे धाव घेणारी, नाट्यमय मृत्यू आलेली ॲनी कथेला शोभत होती. जी उतरली तेथेच राहिली, राबली आणि मुले पुरून म्हातारपणाआधीच गेली, तिला कथा नव्हती; तिच्याजवळ होते फक्त कागद. शोधाने पूर्वजाचा मोठेपणा कमी केला असे काहींना वाटेल. आमच्या मते शोधाने प्रथमच तिला तिचे स्वतःचे आयुष्य परत दिले.

हे सारे आपल्या वाचकांपुढे मांडण्यास कारण आहे. विसाव्या शतकात मराठीत अनेक कुलवृत्तांत प्रसिद्ध झाले, आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराण्यांत अशा संकलनाची ओढ आजही आहे. मूळपुरुष अमुक सरदाराच्या फौजेबरोबर आला, हे वाक्य आपल्याही कानांवरून गेलेले असते. सनद हक्क कोणाचा एवढेच सांगते. तीर्थोपाध्यायांच्या वहीत यजमानाने सांगितलेले येते. वंशवृक्ष बहुधा पुत्रपरंपरेने चालतो आणि लेकीसुना कडेला राहतात. या प्रत्येक कागदाला त्याचा मूळ प्रश्न विचारल्याशिवाय आपला प्रश्न विचारू नये, एवढा धडा आयरिश लेखनापासून घेण्याजोगा आहे.

साधने आता मुबलक झाली आहेत. कॅथलिक नोंदवह्यांच्या प्रतिमा आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली सर्वांना खुल्या केल्या. जळालेल्या दप्तरखान्याची इतरत्र उरलेल्या प्रतींवरून केलेली डिजिटल पुनर्रचना २०२२ साली, आगीच्या शताब्दीला, सुरू झाली. मिलर यांचा पत्रसंग्रह गॉलवे विद्यापीठाने २०२४ साली खुला केला. पण कागद वाढले म्हणून वाचन आपोआप सुधारत नाही. नावे जुळविणे सोपे झाले की चुकीची नावे जुळविणेही सोपे होते. जेथे कागद नाही तेथे पोकळी आहे असे स्पष्ट लिहिणारा आणि तिच्यात आपल्या आवडीचा पूर्वज न बसविणारा लेखकच या वाङ्मयात टिकेल. दिवंगतांना आपण देऊ शकतो तो एवढाच आदर. तो द्यावयाचा की नाही, हे शेवटी वाचणाऱ्याच्या हाती आहे.