मतयाचनेचें शास्त्र

निवडणूक जवळ आली कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांतून एक ठरीव उद्गार ऐकूं येतो : मत मागावयास आलेला हा गृहस्थ इतकीं वर्षें कोठें होता? उद्गार रास्त आहे. परंतु त्यामागें अशी एक समजूत दडलेली असते कीं, दारोदार जाणें, अनोळखी माणसास नांवानें हांक मारणें, म्हाताऱ्यांच्या पायां पडणें, हे सारे प्रकार अलीकडच्या लोकशाहीनें, आणि त्यांतहि आपल्या देशांतील लोकशाहीनें, निर्माण केले. लॅटिन वाङ्मयाशीं ज्याचा थोडाबहुत परिचय आहे त्याची ही समजूत फार काळ टिकत नाहीं. त्या भाषेंत 'कॉमेंटारिओलुम पेटिटिओनिस' नांवाचें एक चिमुकलें पत्रवजा पुस्तक आहे. 'उमेदवारीची टिपणवही' असें त्याचें मराठी नांव करतां येईल. इ. स. पूर्वीं ६४ या वर्षीं मार्कस सिसेरो रोमच्या कॉन्सलपदासाठीं उभा होता. त्याचा धाकटा भाऊ क्विंटस यानें थोरल्या भावास लिहिलेलें हें पत्र, अशी त्याची ख्याति आहे. तें खरोखर क्विंटसचें कीं मागाहून एखाद्या वक्तृत्वशाळेंतील पंडितानें रचलेलें, याविषयीं विद्वानांत वाद आहे. मला तो वाद येथें फारसा महत्त्वाचा वाटत नाहीं. लिहिणारा कोणी असो, त्यानें निवडणूक फार जवळून पाहिली होती, हें पानोपानीं दिसतें.

प्रस्तुत पुस्तकाकडे वळण्यापूर्वीं एक शब्द उलगडून पाहण्यासारखा आहे. रोममध्यें पद मागणारा माणूस खडूनें शुभ्र केलेला अंगरखा घालून चौकांत हिंडे, म्हणून तो 'कांडिडाटुस', म्हणजे शुभ्रवस्त्रधारी. इंग्रजी शब्द त्यावरूनच आला. आपण फारसींतून 'उमेदवार' हा शब्द घेतला. उमेद धरून बसलेला, तो उमेदवार. आणि एखाद्या कारागिराच्या हाताखालीं राबणें याला आपल्याकडे 'उमेदवारी करणें' असेंच म्हणतात. रोमन शब्द पोषाखावर नजर ठेवतो, आपला मनावर. मतयाचनेच्या शास्त्रांत मात्र रोमन शब्दच अधिक खरा ठरतो असें हें पुस्तक वाचल्यावर वाटूं लागतें.

सिसेरोच्या घराण्यांत पूर्वीं कोणी कॉन्सल झालेला नव्हता. अशा माणसास तेथें 'नवा माणूस' म्हणत, आणि आपल्याकडे 'नवश्रीमंत' म्हणतांना ओंठ जसे किंचित् वांकडे होतात तसेच तेथें होत असावेत. म्हणून पत्रलेखक प्रथम बजावतो कीं, आपलें कुळ, आपली आकांक्षा आणि हें शहर या तिन्हींचें विस्मरण क्षणभरहि होऊं देऊं नये. पुढची मांडणी एखाद्या हिशेबनिसाची आहे. यश दोन गोष्टींवर अवलंबून : मित्रांची खटपट आणि सामान्य लोकांची मर्जी. मित्र कोणास म्हणावें? एरवीं ज्यास आपण नुसता तोंडओळखीचा म्हणूं, तोहि या दिवसांत मित्र. सकाळीं घरीं भेटीस येणारा, चौकापर्यंत सोबत करणारा, आणि दिवसभर मागें राहणारा, या तिघांची प्रत वेगळी व त्यांचे आभार मानण्याची रीतहि वेगळी. सकाळचे भेटकरी एकाच वेळीं अनेक उमेदवारांचे उंबरठे झिजवितात हें लेखकास पक्कें ठाऊक आहे. पण आपल्याला तें कळलें आहे असा सुगावा त्यांना लागूं देऊं नये, असा त्याचा सल्ला! इटलीचा नकाशा तोंडपाठ असावा, गांवोगांवचीं वजनदार माणसें हेरून ठेवावीं, घराचें दार आणि चेहरा दोन्ही सदा उघडीं असावीं. लोकांचीं नांवें ठाऊक असणें ही तर पहिली पायरी. त्यासाठीं रोमन पुढाऱ्याच्या बाजूस एक गुलाम चाले. समोरून येणाऱ्या नागरिकाचें नांव धन्याच्या कानांत पुटपुटणें हें त्याचें काम.

येथपर्यंत वाचक हसतो, आणि लेखकाच्या मनुष्यज्ञानाचें कौतुकहि करतो. नकाराविषयींचें प्रकरण तर खास वाचावें असें आहे. जें करतां येणार नाहीं त्यास गोड शब्दांत नकार द्यावा, किंवा मुळींच नकार देऊं नये. कॉट्टा नांवाच्या एका मुरब्बी पुढाऱ्याचा येथें दाखला आहे. तो सर्वांस होकार देत असे; कारण ज्यांना वचन दिलें त्यांपैकीं पुष्कळांवर तें मागण्याची वेळच येत नाहीं, आणि ज्याला नकार दिला तो मात्र तत्काळ व कायमचा दुरावतो. लग्नकार्याच्या दिवसांत मदत मागणाऱ्या नातलगास 'बघूं या' म्हणणाऱ्या आपणां गृहस्थांना या कॉट्टास फार दोष देण्याचा अधिकार आहे असें मला वाटत नाहीं.

पुस्तकाचें खरें वैगुण्य आर्जवांत किंवा खोट्या वचनांत नाहीं; तें त्याच्या शेवटच्या भागांतील एका शांतपणें दिलेल्या सूचनेंत आहे. उमेदवारी चालूं असतां राज्यकारभाराच्या प्रश्नांना हातच घालूं नये, सेनेटमध्यें नाहीं आणि लोकसभांतूनहि नाहीं, असें लेखक सांगतो. सेनेटला वाटावें कीं हा आपल्या अधिकाराचा रक्षक. धनिकांस वाटावें कीं याला शांतता प्रिय. आणि सामान्यांस वाटावें कीं निदान हा आपल्या हिताच्या आड येणार नाहीं. खोटें वचन देणारा एका माणसाला फसवितो, आणि तो माणूस पुढें जाब तरी विचारूं शकतो. मौन धरणाऱ्यास कोणीच जाब विचारूं शकत नाहीं. कारण तो कांहीं बोललेलाच नसतो. निवड करावयास बोलावलेल्या माणसापासून निवडीचा विषयच लपवून ठेवणें, हें सगळ्या आर्जवांहून मोठें पाप आहे. टीकाकारांनीं या पुस्तकाला लबाडीचें पाठ्यपुस्तक म्हटलें तरी माझी तक्रार नाहीं. परंतु लबाडी नेमकी कोठें आहे तें पाहिलें पाहिजे.

एक गोष्ट लेखकाच्या बाजूनें सांगावयास हवी. रोममध्यें इ. स. पूर्वीं १३९ पासून निवडणुकींत गुप्त मतदान सुरू झालें होतें. शिवाय कॉन्सल निवडणाऱ्या सभेंत १९३ गट असत, व श्रीमंतांचे गट आधीं मत देत. पुष्कळदां गरिबांची पाळी येण्यापूर्वींच निकाल लागलेला असे. म्हणजे ज्यांचें मत मोलाचें त्यांच्यावर जबरदस्ती करणें अवघड, आणि मत गुप्त असल्यामुळें विकत घेतलेला माल पोंचला कीं नाहीं हें पाहण्याचीहि सोय नाहीं. लांच तरीहि चालतच असे. पण अशा ठिकाणीं मनाची ओढ उत्पन्न करणें हाच त्यांतल्या त्यांत खात्रीचा मार्ग उरतो, आणि या पत्राचा सारा भर त्यावर आहे.

याच्या नेमकें उलट चित्र शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस' नाटकांत आहे. तेथें मत उघडपणें, तोंडानें द्यावयाचें. कोरिओलेनस हा पराक्रमी सेनापति. कॉन्सल होण्यासाठीं त्यानें नम्रतेचें वस्त्र नेसून बाजारांत उभें राहावें आणि युद्धांतील जखमा नागरिकांना दाखवाव्या, अशी रूढि. तो वस्त्र नेसतो, पण जखमा दाखवीत नाहीं, आणि मतें मागतांना ज्यांच्याकडे मागतो त्यांचीच टवाळी करतो. गेलीं पंचवीसएक वर्षें हें नाटक वर्गांत शिकवितांना मला असें आढळलें आहे कीं, विद्यार्थी आरंभीं बहुतेक कोरिओलेनसच्या बाजूचे असतात. ताठ मानेचा माणूस तरुणांना आवडतो. मग आम्ही बाजाराचा प्रवेश सावकाश वाचतों. त्यांतील नागरिक मूर्ख नाहींत. या माणसानें राज्यासाठीं रक्त सांडलें आहे हें ते जाणतात, त्याला मत देण्याची त्यांची तयारी आहे. आणि त्याची किंमत काय, असें विचारल्यावर त्यांतला एक जण सांगतो ती किंमत इतकीच कीं, गोडीनें मागावें. तेवढेंहि या वीराच्यानें होत नाहीं. मागाहून ट्रिब्यून लोकांना चिथावतात व दिलेलीं मतें परत घ्यावयास लावतात हें खरें. पण ठिणगी पडावी असें वाळलेलें गवत त्यानें स्वतःच पसरून ठेवलें होतें. क्विंटसचा उमेदवार लोकांना हाताळण्याची वस्तु समजतो. कोरिओलेनस त्यांना वस्तूहूनहि खालचें समजतो. एक हंसून तिरस्कार करतो, दुसरा उघड. दुसऱ्याच्या उघडेपणास आपण सचोटी म्हणतों, ही आपली वाङ्मयीन संवय आहे.

डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधील ईटनस्विलची निवडणूक (१८३६-३७) सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवीत नाहीं. निळा पक्ष आणि पिवळट पक्ष. उमेदवाराच्या कारभाऱ्यानें हात मिळविण्यासाठीं स्वच्छ धुवून आणलेले वीस लोक. कुरवाळण्यासाठीं आणलेलीं कडेवरचीं मुलें. मतदारांच्या बायकांना वांटलेल्या पंचेचाळीस हिरव्या छत्र्या. आणि विरुद्ध पक्षानें दारू पाजून गाडीखान्यांत कोंडून ठेवलेले तेहतीस मतदार! हें कोंडणें मात्र नुसता विनोद म्हणून सोडून देऊं नये. त्या काळीं इंग्लंडांत मत उघड असे. गुप्त मतदानाचा कायदा १८७२ सालीं झाला. मत उघड असलें कीं मतदाराचें शरीर ताब्यांत ठेवून भागतें. मत गुप्त झालें कीं मनाच्या मागें लागावें लागतें. क्विंटसला जें दोन हजार वर्षांपूर्वीं करावें लागलें तें इंग्लंडांतील पुढाऱ्यांना १८७२ नंतर शिकावें लागलें.

आपल्याकडे १९५१-५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हां १७ कोटींहून अधिक मतदार होते, आणि त्यांतील फार मोठ्या समूहास अक्षरओळख नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र, आणि पेटीवर त्याचें चिन्ह : काँग्रेसची बैलजोडी, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. रोममध्यें उमेदवारास मतदाराचें नांव ठाऊक असावें लागे. येथें मतदारास उमेदवाराची ओळख पटविण्यासाठीं चित्राची योजना करावी लागली. चिन्ह घराघरांत पोंचविणें हेंच मग प्रचाराचें निम्में काम झालें. उत्तर मुंबईंत त्या वेळीं स्वतः डॉ. आंबेडकर पराभूत झाले, ही गोष्ट मतयाचनेच्या कोणत्याहि शास्त्रकारानें आपल्या वहींत टिपून ठेवावी. विद्वत्ता, त्याग आणि राज्यघटनेचें शिल्प यांचें मतांत रूपांतर होतेंच असें नाहीं.

प्रश्न असा कीं, या सर्व खटपटीनें माणसाचें मत खरोखर पालटतें काय? या बाबतींत गेल्या शतकांत अमेरिकेंतील पंडितांनीं बरेंच काम केलें आहे. १९४० सालीं रूझवेल्ट आणि विल्की यांच्या लढतीच्या वेळीं लाझार्सफेल्ड व त्याचे सहकारी यांनीं ओहायो राज्यांतील एरी परगण्यांत सहाशें मतदारांची मे महिन्यापासून दरमहा गांठ घेतली. एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलेले शेंकडा आठच निघाले. प्रचारानें बाकीच्यांचें मूळचें मत पक्कें झालें किंवा जागें झालें. आणि रेडिओ व वर्तमानपत्रें यांहून शेजारच्या जाणत्या माणसाचा शब्द अधिक लागू पडला. १९९८ सालीं गर्बर आणि ग्रीन यांनीं न्यू हेवन शहरांत सुमारें तीस हजार मतदारांवर प्रयोग करून पाहिला : घरीं जाऊन समक्ष बोलल्यानें मतदानास जाणाऱ्यांची संख्या चांगली वाढली, पत्रानें थोडी वाढली, भाडोत्री माणसांच्या टेलिफोननें वाढली नाहीं. आणि २०१८ सालीं कल्ला व ब्रूकमन यांनीं ४९ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हां असें निघालें कीं, तेथील सार्वत्रिक निवडणुकींत उमेदवाराची निवड पालटविण्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य. क्विंटसच्या हस्तांदोलनाला या पंडितांनीं शिक्का दिला खरा. पण तो मतदारास घराबाहेर काढण्यापुरता, त्याचें मन पालटण्यापुरता नव्हे.

याहून अस्वस्थ करणारा प्रयोग २००६ सालचा, मिशिगन राज्यांतला. मतदारांस एक पत्र धाडलें. त्यांत त्याच्या घरच्यांनीं आणि शेजाऱ्यांनीं मागच्या निवडणुकींत मत दिलें कीं नाहीं याची नोंद, आणि निवडणुकीनंतर अशी नोंद पुन्हां धाडण्यांत येईल अशी सूचना. पत्र न मिळालेल्यांत शेंकडा २९.७ लोकांनीं मत दिलें, हें पत्र मिळालेल्यांत ३७.८. कागदाच्या एका तुकड्यानें इतका फरक पडावा हें नवल आहे. परंतु येथें प्रेमाच्या जागीं लाज आली. शेजारी काय म्हणतील ही आपल्या वाड्यांतील जुनी भीति, टपालानें घरपोंच! अलीकडे कोट्यवधि लोकांच्या आवडीनिवडींचा साठा करून प्रत्येकास त्याच्या स्वभावास अनुसरून संदेश धाडण्याची युक्ति निघाली आहे. केंब्रिज अ‍ॅनॅलिटिका या कंपनीचें प्रकरण २०१८ सालीं गाजलें तेव्हां तिच्या सामर्थ्याविषयीं जें बोललें गेलें त्यांत बढाईचा भाग बराच असावा. पण मला तिच्या सामर्थ्याची भीति नाहीं. शेजाऱ्यास एक आणि मला दुसरें सांगितलें जात असेल, आणि तें आम्हां दोघांस एकमेकांच्या गांवींहि नसेल, तर तें क्विंटसच्या तीन चेहऱ्यांचेंच यंत्र झालें. कानांत पुटपुटणारा गुलाम आतां मतदाराचें नांवच नव्हे तर त्याचें गुपितहि सांगतो.

क्विंटसचा सल्ला सिसेरोनें कितपत मानला कोण जाणे; तो निवडून मात्र आला. कॉन्सल झाल्यावर इ. स. पूर्वीं ६३ या वर्षीं त्यानें मतांच्या खरेदीविरुद्ध अधिक कडक कायदा केला, दहा वर्षें हद्दपारीची शिक्षा असलेला. त्याच वर्षीं पुढच्या सालासाठीं निवडून आलेल्या मुरेना नांवाच्या गृहस्थावर याच गुन्ह्याचा खटला झाला. फिर्यादींत कठोर नीतीचा केटो होता. आणि आरोपीच्या बचावास उभा राहिला खुद्द सिसेरो. आपल्या भाषणांत त्यानें केटोची थट्टा करतांना विचारलें कीं, एवढे तत्त्वनिष्ठ असून आपणहि नांवें सांगणारा गुलाम जवळ बाळगतां तो कां? मुरेना सुटला. केटो पुढें स्वतः कॉन्सलपदास उभा राहिला तेव्हां त्यानें कोणापुढें गोडीगुलाबी केली नाहीं व मित्रांनाहि करूं दिली नाहीं. तो पडला. प्लुटार्क सांगतो कीं, त्याच दिवशीं अंगाला तेल लावून तो मैदानांत चेंडू खेळत होता.