खोक्यावरचे लुमेन आणि भिंतीवरचा उजेड

मोबाइलमधले क्रिकेट किंवा मोटारींच्या शर्यती घरच्या भिंतीवर मोठ्या करून खेळता याव्यात म्हणून उचलून नेता येणारे छोटे प्रोजेक्टर आता खेड्यापाड्यांतही मागवले जातात. झरी जामणीसारख्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या, तेलंगणाच्या सीमेवरील तालुक्यात राहणाऱ्या शिक्षकाला अशी वस्तू आधी चालवून पाहणे सहसा जमत नाही. खोक्यावरच्या मजकुरावरच भिस्त. तेव्हा तो मजकूरच तपासू. आमच्या मते तो बराचसा दिशाभूल करणारा असतो.

सर्वांत ठळक आकडा लुमेनचा. लुमेन हे एकूण प्रकाशाचे माप आहे. पण तो मोजला कोठे, दिव्यापाशी की भिंतीवर? दिव्याचा प्रकाश भिंगांतून आणि चित्र उमटवणाऱ्या पट्टीतून बाहेर पडेपर्यंत पुष्कळसा वाया जातो. अमेरिकी मानक संस्थेच्या १९९२ सालच्या पद्धतीत पांढऱ्या पडद्याचे नऊ समान भाग करतात, प्रत्येकाच्या मध्याशी प्रकाश मोजतात आणि सरासरीला क्षेत्रफळाने गुणतात. हे ‘आन्सी लुमेन’. खोक्यावर नुसतेच ‘९००० लुमेन’ असेल, तर त्याच यंत्राचे आन्सी लुमेन दोनशेच निघाले तरी नवल नाही.

आता थोडे गणित, नववीच्या मुलांनाही जमेल असे. कर्णाने ६० इंची चित्राचे क्षेत्रफळ सुमारे १ चौरस मीटर. २०० लुमेन त्यावर पसरले की २०० लक्स. चित्र १२० इंची केले की क्षेत्रफळ चौपट, उजेड ५० लक्स. खोलीतल्या ट्यूबलाइटचा भिंतीवर १०० लक्स उजेड आहे असे धरू. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे ट्यूबलाइटने उजळलेली भिंतच. मग लहान चित्रात पांढरे आणि काळे यांचे गुणोत्तर ३००:१००, मोठ्यात अवघे १५०:१००. जत्रेतल्या तंबूतला सिनेमा अंधार पडण्याची वाट का पाही, ते यावरून उमगेल.

‘फोर-के चालते’ या शब्दांचा अर्थ तेवढा बारकावा दिसतो असा नव्हे. तसे चित्र यंत्र स्वीकारते, एवढाच. मूळ बिंदुसंख्या १२८० × ७२० किंवा त्याहूनही कमी असू शकते.

खेळासाठी मात्र खरी गोष्ट निराळीच, आणि ती खोक्यावर क्वचितच असते: बटण दाबल्यापासून भिंतीवर हालचाल दिसेपर्यंतचा विलंब. समजा तो ०.१ सेकंद आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढ्यात जवळजवळ ४ मीटर पुढे येतो! बुद्धिबळाला याने काही बिघडत नाही, क्रिकेटला बिघडते. बिनतारी जोडणीत मोबाइल आधी चित्र दाबून लहान करतो, पाठवतो, आणि पलीकडे ते पुन्हा उलगडावे लागते. म्हणून शक्य तेथे तार वापरावी. तिरपे चित्र आपोआप सरळ करण्याची सोय बंद ठेवून यंत्रच भिंतीसमोर सरळ मांडावे. वस्तू परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी करून पाहा. मोबाइलवर सेकंदाचा शतांश दाखवणारे घड्याळ चालू करून प्रोजेक्टरला जोडा आणि दुसऱ्या मोबाइलने दोन्ही घड्याळांचे एकत्र छायाचित्र घ्या. पाचसहा छायाचित्रांतील फरकांची सरासरी म्हणजे तुमचा विलंब.

खेळणे एकाच खोलीत होणार असेल तर साधा ३२ इंची टीव्ही बरा, असे आम्ही सरळ म्हणू. प्रोजेक्टर शाळेतही नेता येतो, हे त्याचे खरे मोल.

राहिला उन्हाळा. मुलांना खेळायला सवड मे महिन्यात, आणि विदर्भात तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर. या यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत चालवण्याचे कमाल तापमान बहुधा ३५ ते ४० अंश दिलेले असते. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत लावले तर पंखा घरघरतो, यंत्र मंद होते किंवा बंद पडते. अंगणात, रात्री भिंत निवल्यावर, झरोक्यांपुढे वीतभर जागा मोकळी सोडून लावावे.