पडद्यावरचे घर आणि आपले घर

साहित्याच्या अंकात दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी लिहिणे अनेकांना हलके काम वाटते. कथा, कविता, गझल यांच्या पंगतीत मालिकेला पाट कशाला मांडायचा, असा त्यांचा सवाल असतो. आम्हालाही पूर्वी तसेच वाटे. पण खरे सांगायचे तर आमच्या घरांत पुस्तकांवर जेवढे बोलले जाते त्याच्या कितीतरी पट मालिकांवर बोलले जाते, आणि बोलणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात. इशाची नमाज झाली, भांडी आवरली की फुफी, भाभी, शेजारच्या खाला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली यांची बैठक भरते. कोण चुकले, कोणी माफ करायला नको होते, लेखकाने कुठे लबाडी केली, याचा निवाडा तिथे होतो. ही मते कोणी टिपून ठेवत नाही. आम्ही मात्र ती वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, आणि ही समीक्षाच आहे असे आमचे मत बनले आहे.

प्रेक्षक मुकाट्याने पाहतो हा समज तर पहिल्याच मोठ्या मालिकेने खोटा ठरवला. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. लेखक होते मनोहर श्याम जोशी. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगत. सगळे निमूट सोसणारी भागवंती ही आई दाखवण्यामागे हेतू असा होता की, असे सोसणे बरे नव्हे हे बायकांना कळावे. झाले उलटेच. अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श स्त्री वाटली. लेखकाने इशारा म्हणून उभे केलेले पात्र लोकांनी डोक्यावर घेतले. यात प्रेक्षकांचे अज्ञान आहे असे म्हणणे सोपे आहे. आम्हाला वाटते, त्यांना पडद्यावर आपली आई दिसली आणि आईला चूक म्हणवेना.

त्याच दशकात आमच्या मोहल्ल्यात भाड्याचा व्हीसीआर येई आणि त्याबरोबर सीमेपलीकडच्या मालिकांच्या कॅसेटी येत. हसीना मोईन यांची 'तनहाइयाँ' १९८५ ची आणि 'धूप किनारे' १९८७ ची. 'धूप किनारे'तली झोया डॉक्टर होती, खोडकर होती, वडिलांशी हुज्जत घालत होती, आणि तरीही घरंदाज होती. आमच्या फुफींनी तेव्हा दिलेला अभिप्राय आम्हाला आजही आठवतो. त्या म्हणाल्या, "पोरगी हसतीये, शिकतीये, आणि कुणी तिला बदनाम करत नाही." फुफींची स्वतःची शाळा सातवीत सुटली होती. त्या एका वाक्यात मालिकेची तारीफ होती आणि आमच्या घराची तक्रारही होती. तक्रार आम्हाला फार उशिरा ऐकू आली.

२०१४ च्या जूनमध्ये 'झिंदगी' ही वाहिनी सुरू झाली आणि या मालिका राजरोस घरात आल्या. उमेरा अहमद यांच्या कादंबरीवरची 'झिंदगी गुलजार है' अवघ्या २६ भागांची होती. फरहत इश्तियाक यांच्या कादंबरीवरची 'हमसफर' २३ भागांची. आपल्याकडच्या मालिका हजार भाग ओलांडूनही थांबत नसताना एखादी गोष्ट संपते, याचेच बायकांना अप्रूप वाटले. शेजारच्या खाला म्हणाल्या, "इथली बाई झोपताना दागिने काढते." एवढ्याशा वाक्यात वास्तववाद म्हणजे काय ते आले.

'झिंदगी गुलजार है'मधली कशफ आमच्या बैठकीत सर्वांत जास्त भांडणाला कारण ठरली. तिच्या वडिलांनी तीन मुलीच झाल्या म्हणून दुसरे लग्न केले आणि पहिल्या संसाराकडे पाठ फिरवली. आई रफिया शाळेत नोकरी करून, शिकवण्या घेऊन मुलींना शिकवते. कशफ पुढे सरकारी अधिकारी होते आणि श्रीमंत घरातल्या झारूनशी तिचे लग्न होते. फुफींच्या मते मालिका रफियाची होती, कशफ-झारूनचा भाग म्हणजे वरचा मसाला. भाभीचे मत वेगळे. कशफला जोडीदार मिळाला, तिचा नशिबावरचा राग निवळला, हेच तिला महत्त्वाचे वाटले. नोकरीच्या तयारीत असलेल्या आमच्या भाचीने दोघींना अडवले. ती म्हणाली, "झारूनची आई आणि बहीण यांचा गुन्हा काय? त्या कामासाठी बाहेर राहतात, स्वतःच्या मताने वागतात. मग घर मोडल्याचा दोष त्यांच्याच पदरात का? कशफ चांगली, कारण ती शेवटी नवऱ्याच्या कलाने घेते."

आमच्या मते भाचीचे म्हणणे बरोबर आहे. ही मालिका मुलींनी शिकावे असे ठामपणे सांगते, पण शिकलेल्या मुलीने किती मोकळे व्हावे याची रेघ पुरुषाच्या हातात ठेवते. 'हमसफर'मध्येही तेच. सासूच्या कारस्थानावर नवरा विश्वास ठेवतो, खिरदला घर सोडावे लागते, आणि आपण शेवटी दोघे एकत्र यावेत म्हणून दुआ मागत बसतो. तरीही फुफींचे मत आम्हाला मोडून काढता येत नाही. रफियाला पडद्यावर जो मान मिळाला तो त्यांना फार मोलाचा वाटला. एकाच मालिकेवर तीन पिढ्यांची तीन मते पडतात, तेव्हा त्या मालिकेत काहीतरी जिवंत असते हे मान्य केले पाहिजे.

पण याच बैठकीत फुफींनी असे एक वाक्य टाकले की सगळ्याच गप्प झाल्या. "घर तो अपना दिसताय, लेकिन जबान अपनी नै." आमच्या मनातली बोच त्यांनी नेमकी पकडली होती. त्या मालिकांत सलाम-दुआ आपली, रोजे-ईद आपली, लग्नातली रुसवाफुगवीही आपली. भाषा मात्र कराची-लाहोरची. हिंदी वाहिन्यांकडे वळावे तर 'कुबूल है' भोपाळची, 'इश्क सुभानल्लाह' लखनौची. 'चौदहवीं का चाँद' आणि 'मेरे मेहबूब'पासून चालत आलेला तोच नवाबी थाट. मराठी मालिका लावाव्यात तर भाषा अगदी आपली, पण त्या वाड्यात, त्या चाळीत आपले घर नाही. आलाच तर एखादा चाचा सणापुरता येतो, एकोप्याचे दोन शब्द बोलून जातो.

मालेगावचा यंत्रमाग, मिरजेतली तंतुवाद्ये घडवणारी घरे, कोकणातल्या खाडीकाठची तांदळाच्या भाकरीची चूल, मराठी शाळेत शिकून घरी दखनी बोलणारी मुले, हे सारे कोणत्या वाहिनीवर आहे? साहित्यात निदान सुरुवात झाली. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ साली आली. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. पडद्यावर मात्र आपण अजून पाहुणेच आहोत.

याचा सगळा दोष वाहिन्यांच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. कारण फुफी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका बाईचे नाव त्यांनी घेतले. तिलाही मुलीच झाल्या, तिच्याही नवऱ्याने दुसरे घर केले. तेव्हा मोहल्ल्याने तिला काय सांगितले? सब्र कर. सांगणाऱ्यांत आमच्या घरचेही होते. रफियासाठी डोळे पुसणारे आम्ही त्या बाईच्या दारी कधी गेलो नाही. उद्या कोणी तिच्यावर मराठीत मालिका लिहिली, गल्ली आपली, भाषा आपली, तर आम्ही टाळ्या वाजवू की "समाजाची बदनामी कशाला?" म्हणून लेखकाला जाब विचारू? बदनामीची भीती अगदीच निराधार नाही. आपल्या दुखण्याचे भांडवल करणारे पुष्कळ आहेत. पण म्हणूनच ते दुखणे आपण लिहिले पाहिजे. परक्याने लिहिले की त्यात फक्त तलाक उरतो, आणि रफियासारखी पहाटे उठून शाळेत जाणारी बाई निसटून जाते. दूरच्या देशातली गोष्ट सोयीची असते, कारण ती आपल्याकडे बोट दाखवत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या वाहिनीने पाकिस्तानी मालिका दाखवणे बंद केले. राजकारणाचा तो निर्णय होता, त्यात आमच्या बैठकीला कोण विचारणार? काही दिवस हळहळ झाली, मग दुसरे काही सुरू झाले. आम्हाला त्यातून एकच धडा दिसतो. उसन्या आरशावर भरवसा ठेवता येत नाही, तो कधीही काढून नेला जातो.

आमच्या कवींनी, कथाकारांनी पटकथेला कमी लेखणे आता सोडावे. संवाद लिहायला शिकावे, आणि शिकायला फार लांब जायला नको. रात्री इशानंतर घरातल्या बैठकीत गुपचूप जाऊन बसावे. तिथे कथानकाच्या चुका काढणाऱ्या, पात्रांना जाब विचारणाऱ्या बायका आहेत. त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या घरांचा न्याय केला. त्यांचे स्वतःचे घर त्यांच्यापुढे ठेवण्याची हिंमत आपण कधी करणार, हे आता त्यांनी नव्हे, आपण सांगायचे आहे.